१२३४५६७८९८७६५४३२१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकापासून नऊपर्यंत चढणारी आणि परत एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी संख्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. कोड्यांच्या पुस्तकात, शाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यावर किंवा ‘गणिताची जादू’ म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रात ती असते. त्या चित्रात कारण मात्र दिलेलं नसतं. ते इथे दिलं आहे, आणि शक्य तिथे कागद-पेन घेऊन पडताळून पाहता येईल अशा रीतीने दिलं आहे.

ही संख्या येते कुठून?

१११११११११ चा, म्हणजे ओळीने नऊ वेळा लिहिलेल्या एकाचा वर्ग केला की ही संख्या मिळते. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एकाच ओळीत आहे.

ती वाचायची कशी?

कोटीचा आधार घेतला की वाचणं सोपं जातं: एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्या हिशेबाने आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर पडतो. परार्ध त्याच्या लगेच पुढचं.

वर्ग केल्यावर अंक असे शिडीसारखे का लागतात?

छोटं उदाहरण घ्या: १११ × १११. शाळेतल्या पद्धतीने मांडलं की एकाखाली एक तीन ओळी येतात.

००१११
०१११०
१११००

आता उभ्या रकान्यांतले एक मोजा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग परत दोन, मग एक. उत्तर १२३२१. प्रत्येक ओळ एका घराने डावीकडे सरकते, त्यामुळे मधल्या रकान्यात सगळ्या ओळी एकत्र येतात आणि दोन्ही कडांना एकेकच उरते. नऊ एकांचा वर्ग करताना अशा नऊ ओळी पडतात, मधल्या रकान्यात नऊ एक येतात आणि ९ हा एकाच अंकात मावतो. कुठेच हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

मग दहा एक घेतले तर?

तिथे ही रचना मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या रकान्यात दहा एक असतात, म्हणजे तिथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो. डावीकडे ९ असतात, त्यांचे १० होतात, पुन्हा ० आणि पुन्हा हातचा १. त्याच्याही डावीकडच्या ८ चे ९ होतात आणि तिथे हातचा थांबतो. निकाल असा की चढत्या बाजूचा ८ दिसेनासा होतो. हा हरवलेला ८ लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

या संख्येचे मूळ अवयव कोणते?

१११११११११ हे तीन-तीनच्या गटांत पाहा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. तेव्हा

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या याचा वर्ग, म्हणजे ३⁴ × ३७² × ३३३६६७².

सतरा अंकी संख्येचे अवयव हाताने काढायला एरवी जीव मेटाकुटीला येतो. इथे रचना ओळखली की दोन ओळींत काम होतं.

३३३६६७ ही मूळ संख्याच आहे, हे कशावरून?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि तोच सगळ्यांत चांगला आहे. सरळ मार्ग म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं, कारण ५७८ चा वर्ग ३३३६६७ च्या पुढे जातो. अशा मूळ संख्या शंभरावर आहेत. पण थोडा विचार केला तर यातलं बहुतेक काम वाचतं.

समजा, एखादी मूळ संख्या ‘म’ ३३३६६७ ला भागते. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, म्हणजे ‘म’ नऊ वेळा लिहिलेल्या नवालाही भागते. याचा अर्थ १/म हा अपूर्णांक दशांशात मांडला की नऊ घरांनंतर तेच अंक परत येतात. त्याच्या आवर्तनाची खरी लांबी मग ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. लांबी १ असलेली मूळ संख्या एकच, ३. लांबी ३ असलेलीही एकच, ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ३ ने भाग जात नाही. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, म्हणजे ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते. दोन्ही बाद झाल्या.

उरली लांबी ९. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार आवर्तनाची लांबी म − १ ला भागते. म्हणजे ‘म’ मधून १ वजा केला की ९ ने भाग गेलाच पाहिजे. ‘म’ विषमही आहे, म्हणून म − १ ला १८ ने भाग जातो. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या एवढ्याच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. यातली ३७ आधीच गेली, राहिल्या सोळा. १९ ने भागलं तर बाकी ८. ५७७ ने भागलं तर बाकी १६१. मधल्या चौदा भागाकारांना फार तर अर्धा तास लागेल. एकानेही नि:शेष भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ आहे.

या युक्तिवादातून आणखी एक गोष्ट हाती लागते. ज्या मूळ संख्येच्या व्यस्ताचं आवर्तन नेमकं ९ अंकांचं असतं, अशी संख्या सबंध गणितात एकच आहे आणि ती ३३३६६७ आहे. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… लांबी १ चा मान ३ कडे, लांबी ३ चा ३७ कडे आणि लांबी ९ चा ३३३६६७ कडे. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव असे एकमेव आहेत, हे मला तिच्या अंकांच्या शिडीपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

विभाजक किती? ती परिपूर्ण संख्या आहे का?

घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार केला की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विभाजकांची संख्या विषम आली, कारण ही पूर्ण वर्ग संख्या आहे: बावीस जोड्या लागतात आणि १११११११११ स्वतःचाच जोडीदार होतो.

सगळ्या विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातून मूळची संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात. परिपूर्ण संख्येत ही बाकी संख्येइतकीच यायला हवी (जसं ६ = १ + २ + ३). इथे ती निम्म्याहून थोडीच जास्त आहे, म्हणून ही न्यून संख्या. पूर्ण वर्ग असलेली संख्या परिपूर्ण असूच शकत नाही, त्यामुळे मोजणी न करताही ‘नाही’ एवढं उत्तर देता आलं असतं.

तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती?

१ पासून तिच्यापर्यंतच्या ज्या संख्यांचा तिच्याशी १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही, अशा ८००७९८३९९१९९२०१६. शंभरातल्या सुमारे ६५.

१२३४५६७९ × ९ = १११११११११ हे शाळेत पाहिलं होतं. त्यात ८ का नसतो?

१/८१ दशांशात मांडा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हा अपूर्णांक म्हणजे खरं तर ०, १, २, ३, … या सगळ्या संख्या एकेक घर उजवीकडे सरकवत लिहून केलेली बेरीज आहे. ९ पर्यंत सगळं ठीक चालतं. पुढच्या घरात १० येतात, ते एका घरात मावत नाहीत. हातचा १ डावीकडच्या ९ ला मिळतो, त्याचे १० होतात. त्याचा हातचा ८ ला मिळतो आणि ८ चे ९ होतात. म्हणजे दहा एकांच्या वर्गात ८ ज्या कारणाने गेला, त्याच कारणाने इथेही गेला.

आपल्या संख्येशी नातं सरळ आहे: १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या = ८१ × १२३४५६७९².

द. रा. कापरेकरांचा या संख्येशी काय संबंध?

संबंध एकाहून अधिक आहेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, त्यांनी ‘डेम्लो संख्या’ मांडल्या. मुंबईपासून ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. कल्पना तिथे सुचली म्हणून नावही तेच दिलं.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीज केली की त्याच अंकाची माळ मिळते. १६५ मध्ये १ + ५ = ६. २५५३ मध्ये २ + ३ = ५. आता आपली संख्या तोडा: १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. दोन टोकांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. एकांच्या माळेचा वर्ग करून मिळणाऱ्या १, १२१, १२३२१ या कुटुंबाला कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटलं. हातचा न येता शिडी टिकते अशा सदस्यांत आपली संख्या सर्वांत मोठी.

दुसरा संबंध हर्षद संख्यांचा. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातोच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे वर उल्लेख केलेल्या १२३४५६७९ चाच वर्ग.

तिसरा मला सर्वांत आवडतो. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग दोन तुकड्यांत तोडून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते: ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. २९७² = ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. मग १११११११११ चा वर्ग तसाच तोडून पाहू: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. १११११११११ परत आली नाही, तिची नऊपट आली! तेव्हा ती कापरेकर संख्या नाही. पण बेरजेत जी आली, ती ९९९९९९९९९ मात्र कापरेकर संख्या आहे: तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. हा वर्ग म्हणजे नेमका आपल्या संख्येच्या ८१ पट आहे.

ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

शून्याचा वर्ग वगळला तर एकाच रीतीने:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

म्हणजे पायथागोरसचं त्रिकूट. ते शोधायला संगणक लागत नाही. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशीच विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकते. आपल्या अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ यांची बाकी ३ येते, ३७ ची १. तेव्हा सगळा भार ३७ वर. ३७ = ६² + १², त्यावरून १२² + ३५² = ३७². आता तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणा, कारण १११११११११ = ३७ × ३००३००३. संपलं. मोठ्या वर्गात मुलांना हे फळ्यावर करून दाखवा, १०५१०५१०५ लिहिताना वर्गात आवाज होतो.

क्रमवार संख्यांची बेरीज म्हणून?

४४ रीतींनी (दोन किंवा अधिक धन पूर्णांक घेऊन), कारण तिचे विषम विभाजक ४५ आहेत आणि त्यातला एक प्रकार म्हणजे ती एकटीच. सर्वांत छोटी बेरीज ६१७२८३९४९३८२७१६० + ६१७२८३९४९३८२७१६१. शिवाय कुठलाही वर्ग जसा पहिल्या विषम संख्यांची बेरीज असतो, तशी हीसुद्धा आहे: १ + ३ + ५ + … + २२२२२२२२१.

एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे अंक बिघडतात. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. एक्सेल एका संख्येचे पंधराच अंक ठेवतं, पुढचे शून्य करतं. म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. जावास्क्रिप्टमध्ये टाकली तर १२३४५६७८९८७६५४३२० मिळेल. तिथे संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने साठवली जाते आणि २⁵³ = ९००७१९९२५४७४०९९२. आपली संख्या याच्या पलीकडे आहे. त्या टप्प्यात फक्त सम पूर्णांकच नेमके साठतात. आपली विषम, म्हणून शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथनचे पूर्णांक मात्र कितीही मोठे असले तरी अचूक राहतात. एक्सेलमध्ये फक्त दाखवायचीच असेल तर सेल आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मग टाका.

हे सांगायचं कारण असं की या संख्येचे ‘गुणधर्म’ म्हणून इंटरनेटवर फिरणारी काही उत्तरं शेवटचे अंक असे बदलल्यामुळेच चुकलेली असतात. सतरा अंकी संख्येला २ ने भाग जातो असं साधन सांगत असेल आणि शेवटचा अंक १ असेल, तर साधनावर विश्वास ठेवू नका.

हा शोध अलीकडचा आहे का?

मुळीच नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात अंकांची माळ होणारे गुणाकार मुद्दाम दिले आहेत. १२३४५६७९ × ९ = १११११११११ त्यात आहे. २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हेही आहे, आणि ही तर आपल्या संख्येची धाकटी बहीण, सहा एकांचा वर्ग.

नुसत्या एकांनी बनलेली संख्या मूळ असू शकते का?

हो. ११ आहे, आणि एकोणीस एकांची आणि तेवीस एकांचीही आहे. पुढच्या एकदम ३१७ आणि १०३१ एकांच्या. एकांची संख्या मूळ असणं ही पहिली अट, पण तेवढ्याने भागत नाही: १११ मध्ये एक तीन आहेत, तरी ती ३ × ३७. नऊ एकांची माळ मूळ असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ९ = ३ × ३, म्हणून ती तीन-तीनच्या गटांत तुटतेच.

हे सगळं आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून तर नाही ना?

काही गोष्टी तशाच आहेत. अंकांची शिडी, उलटसुलट सारखं वाचणं, हर्षद असणं, डेम्लो असणं, हे लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. मूळ अवयव, ४५ विभाजक, पायथागोरसचं त्रिकूट हे संख्येचं स्वतःचं आहे. कुठल्याही पद्धतीत लिहा, ते बदलत नाही. मला दुसऱ्या गटातले गुण खरे वाटतात. पण इथे दोन्ही गट एका धाग्याने बांधलेले आहेत, आणि तो धागा बीजगणितात दिसतो. पद्धतीच्या पायाला (दहाच्या पद्धतीत तो १०) ‘क्ष’ म्हणा. नऊ एकांची माळ म्हणजे क्ष⁸ + क्ष⁷ + … + क्ष + १, आणि तिचे अवयव कुठल्याही पायात पडतात:

(क्ष² + क्ष + १) × (क्ष⁶ + क्ष³ + १)

क्ष = १० ठेवा, १११ आणि १००१००१ मिळतात. क्ष = १६ ठेवा, वर्गाचे अंक तेच १२३४५६७८९८७६५४३२१ दिसतात, पण संख्या वेगळी, आणि कंस २७३ व १६७८१३१३. क्ष = २ ठेवा, माळ ५११ ची, वर्ग २६११२१. द्विमान पद्धतीत तो ११११११११०००००००००१ असा लिहिला जातो. हातचे इतके येतात की शिडीचा मागमूस राहत नाही, पण कंस आहेतच: ७ × ७३.

जाता जाता एक फरक टिपून ठेवा. क्ष = १० आणि क्ष = १६ ला दोन्ही कंसांना ३ ने भाग जातो, क्ष = २ ला एकालाही नाही. पायाला ३ ने भागल्यावर बाकी १ उरत असेल तर क्ष चा प्रत्येक घातही बाकी १ देतो, कंसातल्या तीन पदांची बाकी मिळून ३ होते आणि भाग जातो. आपल्या संख्येतला ३⁴ तिथून आला आहे: दोन कंसांतून एकेक ३, आणि वर्ग केल्यामुळे दुप्पट.